आधी समुद्र, मग मुंबई: इंदूरहून निघणाऱ्या दोघांसाठी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते म्हणजे वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही दोघं इंदूरच्या सुदामा नगरमधले, लग्नाला पाच वर्षं झालीत, जानेवारीत आगेमागचे शनिवार-रविवार सोडून पाच दिवसांची रजा दोघांची एकदम जुळतेय. तुम्हाला मुंबईची म्युझियम्स, मराठी नाटक, जुन्या इमारती बघायच्यात, मिस्टरांना समुद्रात उतरून स्कूबा करायचंय, म्हणजे हवेची टाकी लावून पाण्याखाली जायचंय. भांडण नको म्हणून अर्धे दिवस मुंबई आणि अर्धे दिवस मालवण-तारकर्ली असं ठरलंय, आधी मुंबई उरकायची आणि मग शेवटी निवांत समुद्र. हा प्लॅन बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंय.

मुंबई आणि मालवणची जोडी एकदम छान आहे, फक्त क्रम उलटा करा. तेवीस वर्षं मी इंदूरच्या मराठी घरांच्या ट्रिपा आखतेय, त्यात कोकणाच्या खूप, आणि समुद्र शेवटी ठेवलेल्या जोडप्यांपैकी कितीतरी जणांना तो न बघताच, म्हणजे पाण्यात न उतरताच परत येताना मी बघितलंय. कारण साधं आहे, मुंबईतलं म्युझियम तुमची वाट बघतं, समुद्र बघत नाही. वारा सुटला, पाणी गढूळ झालं, बंदरातून बोटी सोडायच्या नाहीत असं ठरलं की त्या दिवशी काही नाही, उद्या बघू म्हणतात, आणि तुमच्याकडे उद्या नसतो कारण रात्रीची गाडी असते. दुसरं कारण शरीराचं आहे, डायव्ह केल्यावर लगेच विमानात बसायचं नसतं, ते खाली सांगते. म्हणून ज्याचा भरवसा नाही ते आधी, त्याला एक दिवस जास्तीचा, आणि शहर मागे. शहरातला अर्धा दिवस कमी झाला तर एखादी गॅलरी सुटेल, एवढंच.

आता गाड्या. अवंतिका एक्सप्रेस आपल्याला माहितीच आहे, संध्याकाळी इंदूरहून बसायचं, उज्जैन, रतलाम, बडोदा करत सकाळी सकाळी मुंबई सेंट्रल. शनिवारी संध्याकाळी निघा. रविवारी सकाळी उतरल्यावर लगेच कोकणची दिवसाची गाडी पकडायचा मोह होतो, सीएसएमटीहून मांडवी असते सकाळीच, पण दोन स्टेशनं वेगळी, सामान घेऊन टॅक्सी शोधायची, आणि अवंतिका जरा जरी लेट झाली की सगळं कोसळलं. मी कुणालाच ते करू देत नाही. त्याऐवजी रविवार मुंबईत हळूहळू घालवा, दादरला दिवसापुरती एखादी खोली घ्या, आंघोळ करा, दोन तास झोपा, आणि दुपारी नाटक बघा. रात्री कोकणकन्या दादरलाच थांबते, तिथूनच बसायचं, सोमवारी सकाळी कुडाळ.

नाटकाचं थोडं सांगते कारण तुम्ही लिहिलंय की सानंद या इंदूरच्या संस्थेमुळे मोठमोठी नाटकं आपल्याला इंदुरातच बघायला मिळतात तर मुंबईत वेगळं काय असणार. सानंदचं ऋण तर आहेच, माझ्यासारख्या कितीतरी जणींचं रंगभूमीशी नातं त्यांच्यामुळेच टिकलं. पण दादरच्या शिवाजी मंदिरात रविवारी दुपारचा प्रयोग बघणं ही वेगळी गोष्ट आहे, तिथे १९६५ पासून नाटकं होतायत, आणि तिथला प्रेक्षक नाटकाला सणासारखा येत नाही, भाजी आणायला निघाल्यासारखा येतो. शेजारच्या काकू तिसऱ्या ओळीत बसून नटाचं वाक्य चुकलं तर हळूच बरोबर वाक्य म्हणतात, हे मी ऐकलेलं आहे. इंटरव्हलला बटाटावडा खायला रांग लागते, त्या रांगेत पहिल्या अंकाची चर्चा चालू असते, ती नीट ऐका. चार वाजताचा प्रयोग असेल तर साडेसहा-सातला मोकळे, मग आस्वाद किंवा प्रकाशमध्ये जेवण म्हणा, फराळ म्हणा, आणि निवांत स्टेशन. तिकिटं ऑनलाइन मिळतात, त्या आठवड्याला कुठलं नाटक कुठे आहे ते पेपरच्या नाटकांच्या पानावर एका नजरेत कळतं. शिवाजी मंदिरात मनासारखं नसेल तर माटुंग्याचं यशवंत नाट्यमंदिर जवळच आहे.

कुडाळला सोमवारी सकाळी उतरलात की तारकर्ली-देवबाग तासाभराचा रस्ता. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली ती १९९८ साली, त्याआधी मालवणला जायचं म्हणजे रात्रभर एसटीत बसून घाटातल्या वळणांनी पोट ढवळून घ्यायचं, आमच्या सासूबाई अजून ती आठवण काढतात. विमानाचं विचारलंत, तर गोव्याचं मोपा विमानतळ २०२३ मध्ये सुरू झालं आणि तिथून मालवण टॅक्सीने दोन-अडीच तासांत होतं, चिपीचं सिंधुदुर्ग विमानतळ तर मालवणच्या अगदी जवळ, पण तिथल्या विमानांचा भरवसा धरून रजा टाकू नका. मला विचाराल तर रेल्वेच, कारण परतताना डायव्हनंतरचा तासांचा हिशोबच करावा लागत नाही.

राहायला देवबाग घ्या. एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी, काही ठिकाणी तर घराच्या पुढच्या अंगणातून समुद्र आणि मागच्या पडवीतून नदी दिसते. मोठं रिसॉर्ट नको, घरगुती न्याहारी-निवासवाले बघा, घरातली माणसं समुद्रावर जाणारी असतील तर उत्तमच, कारण उद्या पाणी कसं असेल हे मोबाइलपेक्षा त्यांना जास्त कळतं.

पहिल्या दिवशी पाण्याखाली जायचं नाही. रात्रभराचा प्रवास झालेला असतो, झोप अर्धवट, डोकं जड. त्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला बघा. मालवणच्या धक्क्यावरून बोट मिळते, पंधरा-वीस मिनिटांत कुरटे बेटावर. १६६४ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी याची पायाभरणी केली आणि तीन वर्षांत एवढा किल्ला समुद्रात उभा राहिला, काम हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली झालं. पायात शिसं ओतलंय. बाहेरून बघितलं तर दरवाजा कुठे आहे ते कळतच नाही, बोट अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या मधून तो एकदम उघडल्यासारखा वाटतो. आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव, चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत हे असं, मी दर वेळी तिथे ओंजळभर पाणी चाखते. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा चुन्यातला ठसा आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर आहे. तासाभरात परतायची घाई बोटवाले करतात, तुम्ही आधीच सांगून ठेवा की आम्ही पुढच्या फेरीने येऊ, आणि तटावरून चाला. तटावरून पाण्याचा रंग बघा, कुठे हिरवं, कुठे गढूळ, कुठे लाटा फुटतायत, दुसऱ्या दिवशी जिथे उतरायचं तो भाग बहुतेक तिथूनच दिसतो.

आता स्कूबा. इथे जरा थांबून लिहिते कारण मला सगळ्यात जास्त काळजी याचीच असते.

तारीख ठरवताना कालनिर्णय बघा. हो, भिंतीवरचं. कोकणात अमावस्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, त्या ओढीने तळाची वाळू उठते आणि खाली गेल्यावर हाताच्या पुढे काही दिसत नाही. अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाण्याची हालचाल कमी, त्यामुळे पाणी निवळ. तुमचा डायव्हचा मंगळवार अष्टमीच्या आगेमागे येईल असा जानेवारीतला आठवडा निवडा. इंदुरात बसून आपल्याला हे सुचतच नाही, आपल्याला पाणी म्हणजे तलाव नाहीतर नर्मदा. हनुवंतियाला स्पीडबोटीत बसलो, बनाना राइड केली म्हणून समुद्र कळला असं होत नाही, तिथलं पाणी धरणाचं आहे, त्याला भरती-ओहोटी नाही.

वेळ सकाळचीच घ्या. हिवाळ्यात पहाटेपर्यंत मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे, आणि किनाऱ्याजवळचं पाणी शांत असतं. दुपार चढली की खारा वारा सुरू होतो आणि बोट हलायला लागते. ज्यांना बोट लागते, म्हणजे मळमळतं, त्यांची अर्धी अडचण सकाळी गेल्यानेच सुटते. न्याहारी हलकी, घावणे-चटणी पुरे, तळलेलं नाही, आणि आदल्या रात्री दारू अजिबात नाही.

दोघांनाही कानाची, सर्दीची, दम्याची, बीपीची, हृदयाची काही तक्रार असेल तर इंदुरातच डॉक्टरांना दाखवून या, दिवस राहिले असतील तर स्कूबा नाहीच. दहा मीटर खाली गेलं की दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, आणि तो पहिल्यांदा कानाला कळतो. नाक चिमटीत धरून हळूच हवा फुंकायची, कान मोकळा होतो, आणि हे कान दुखायच्या आधी करायचं, दर थोड्या खोलीवर. सर्दी असेल तर आतली नळी चोंदलेली असते, हवा जातच नाही. आमच्या ह्यांचं नेमकं हेच झालं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मी बेचाळीस वर्षांची, ह्यांना आदल्या दिवसापासून थोडी सर्दी होती, बोटीवर चौकशी केली तर ज्यांच्याकडे गेलो होतो ते म्हणाले काही होत नाही, पैसे भरलेत ना, चला. फॉर्म नाही, कुणी तब्येतीचं विचारलं नाही. तीन-चार मीटरवरच ह्यांचा कान असा दुखला की हात झटकत वर आले, दोन आठवडे त्या कानाने नीट ऐकू येत नव्हतं आणि डॉक्टर म्हणाले पडद्याचं थोडक्यात वाचलं. तेव्हापासून माझा नियम आहे, जो तब्येतीचा फॉर्म भरून घेत नाही, प्रत्येकाला वेगळा शिकवणारा देत नाही आणि आधी उथळ पाण्यात सराव करून घेत नाही, त्याच्या बोटीत चढायचं नाही, पैसे बुडाले तरी चालतील. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा शिकवणारी संस्था आहे, पहिल्यांदा जाणाऱ्यांनी आधी तिथे चौकशी करावी असं माझं मत आहे.

लाइफ जॅकेट बोटीत पाय ठेवायच्या आधी, बोटीत बसल्यावर नाही, आणि बकल लावून. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. मे अखेरीस पाणी खवळायला लागतं, पुढे पावसाळ्यात बोटी बंदच असतात, म्हणून त्या दिवसांत कुणी कितीही स्वस्त पॅकेज दिलं तरी मी बुकिंग करत नाही. जानेवारीत तो धोका खूप कमी, पण जॅकेटला सुट्टी नाही.

पाण्याखाली बोलता येत नाही, हाताच्या खुणा असतात, आणि त्यात एक खूण आपल्या लोकांची हमखास चुकते. सगळं ठीक आहे हे सांगायला आपण अंगठा वर करतो. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे मला वर जायचंय. ठीक आहे सांगायला अंगठा आणि पहिलं बोट जोडून गोल करायचा. मी कितीतरी जणांना बघितलंय, खूश होऊन अंगठा दाखवतात आणि शिकवणारा त्यांना वर घेऊन येतो, मग म्हणतात एवढ्यात संपलं? आणि श्वास कधीच रोखायचा नाही, ही सगळ्यात मोठी गोष्ट. खाली दाबाखाली घेतलेली हवा वर येताना फुगते, श्वास धरून वर आलात तर फुप्फुसाला इजा होते, म्हणून सावकाश, सतत, तोंडाने घ्यायचा आणि सोडायचा.

याची तयारी घरी होते. एक मास्क आणि स्नॉर्कल, म्हणजे तोंडात धरायची श्वासाची नळी, विकत घ्या, बादलीत पाणी भरा, तोंड बुडवा आणि पाच मिनिटं फक्त तोंडाने श्वास घ्या. मास्क लावून एकदा, मग मास्क न लावता, नाकाला पाणी लागू देऊन. पहिल्या वेळी दहा सेकंदात डोकं वर येतं, मेंदू ओरडतो की नाकात पाणी चाललंय. आठवडाभर रोज केलंत की तो ओरडायचा थांबतो. पोहता येणं ट्राय डायव्हला, म्हणजे शिकवणाऱ्याबरोबरच्या पहिल्या डायव्हला, लागत नाही, पण ही बादली लागते. मिस्टरांना मिशी असेल तर मास्कच्या खालून थेंब थेंब पाणी येईल, घाबरायचं नाही, थोडं व्हॅसलीन लावतात. तुम्हाला चष्मा असेल तर आधी विचारून नंबरचा मास्क मिळतो का बघा.

आणि अपेक्षा नीट ठेवा. मालवणचं पाणी अंदमानसारखं काचेचं नाही. पण खडकावरची पोवळी, त्यावर चरणारे पट्टेरी मासे, समोरून वळणारा छोट्या माशांचा थवा, हे सगळं आहे, आणि मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. मासे जवळ यावेत म्हणून काही जण ब्रेड टाकतात, तुम्ही नको म्हणा, माशांना ते बरं नाही. पोवळ्याला हात लावू नका आणि त्यावर पाय तर ठेवूच नका, ते दगड दिसतात पण जिवंत असतात.

विमानाचं राहिलं. पाण्याखाली दाबामुळे रक्तात नायट्रोजन विरघळतो, वर आल्यावर तो हळूहळू निघून जातो. विमानात केबिनमधला दाब कमी असतो, तो नायट्रोजन पूर्ण निघायच्या आधी चढलात तर सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यासारखे बुडबुडे होतात. एका साध्या डायव्हनंतर निदान बारा तास, जास्त डायव्ह केल्या तर अठरा तास थांबायचं, मी सगळ्यांना सरसकट पूर्ण दिवस सांगते. आंबोली साधारण सातशे मीटरवर आहे, म्हणून डायव्हच्याच दिवशी गाडीने आंबोलीवरून कोल्हापूर असा रस्ताही नको.

तुम्ही लिहिलंय की तुम्हाला स्वतःला भीती वाटते पण मिस्टरांचा हिरमोड नको म्हणून कराल. ताई, असं करू नका. पाण्याखाली मन मारून जायचं नसतं. तुम्ही स्नॉर्कल करा, तेच मासे वरून दिसतात, शिकवणारा हाताला धरून असतो. किंवा बोटीवर बसा आणि पहिल्या अर्ध्या तासानंतर मन झालं तर बघा. आणि मिस्टरांना हे तोंडावर सांगा, मुंबईत नाटकाला ते डुलक्या काढतील तेव्हा तुम्हीही समजून घ्याल. दोघांनी सगळं बरोबरच केलं पाहिजे या हट्टाने जेवढ्या ट्रिपा नासतात तेवढ्या पावसाने नासत नाहीत.

मंगळवारी डायव्ह ठरवा, बुधवार राखीव ठेवा. मंगळवारी पाणी चांगलं मिळालं तर बुधवारी कर्लीत कयाक चालवा, कांदळवनाच्या कडेकडेने, भरती असताना, सकाळी. किंवा पलीकडे भोगवे-निवतीला जा, निवतीच्या किल्ल्यावरून दोन्हीकडचे किनारे दिसतात. दोन तासांची दमवणारी पण सोपी भटकंती आहे.

एका सकाळी मात्र सहालाच किनाऱ्यावर जा. रापण लागली असेल तर. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं प्रचंड मोठं जाळं, होडीने ते समुद्रात अर्धगोल टाकून येतात आणि दोन्ही टोकांचे दोर दोन तुकड्या किनाऱ्यावरून ओढतात. विचारलंत तर तुम्हालाही दोर धरायला देतात. एकदा असंच एक नवं जोडपं माझ्याबरोबर होतं, त्याला एका दोरावर घेतलं, तिला दुसऱ्या, मध्ये बरंच अंतर. दोर ओला, जाड, त्याला वाळू चिकटलेली, पाच मिनिटांत तळहात पेटतात. मागे झुकून, टाचा वाळूत रोवून, सगळ्यांच्या एका हाळीबरोबर ओढायचं. जाळं जसं जवळ येतं तशा दोन्ही तुकड्या एकमेकांकडे सरकत येतात. तासाभराने ती दोघं समोरासमोर उभी होती, घामाने निथळत, आणि पायाशी तारल्या उड्या मारत होत्या. गावातल्या एका बाईंनी तिच्या ओंजळीत चार बांगडे घातले, तुमचा वाटा म्हणून.

खाण्याचं, तुम्ही शाकाहारी आहात म्हणून काळजी करताय, करू नका. काळ्या वाटाण्याची आमटी आणि आंबोळ्या हे जेवण मी माशांच्या ताटावरून उठून खाल्लंय. सोलकढी, कुळथाची पिठी, घावणे, आणि जाताना मालवणी खाजा. फक्त राहणाऱ्या घरी आधी सांगून ठेवा, वाटाणे आदल्या रात्री भिजवावे लागतात.

गुरुवार संस्कृतीचा, आणि हे मी मुद्दाम सांगते कारण तुमच्या प्लॅनमध्ये संस्कृती म्हणजे मुंबई आणि समुद्र म्हणजे खेळ असं वाटून घेतलंय. कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे, तिथे ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे, कागदावरची चित्रं एकेक करून दाखवत गोष्ट गायची. ती जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या घरच्यांनी उभारलेलं छोटं संग्रहालय तिथेच आहे. कळसूत्री बाहुल्याही बघायला मिळतात. तिथून सावंतवाडीला जा, राजवाड्यात गंजिफा रंगवणारे कारागीर बसतात, गोल पत्ते, दशावतारी गंजिफाच्या एका संचात १२० पत्ते, दहा अवतारांचे बारा-बारा. एकाच अवताराचे बारा पत्ते शेजारी मांडून बघा, आणि कारागिराचा ब्रश किती बारीक आहे ते जवळून बघा.

आणि रात्री कुठे जत्रा असेल तर दशावतार. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात, जानेवारीत सापडतेच. देवळाच्या आवारात एक बाक, मागे पडदा, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. आधी संकासुर येऊन लोकांना हसवतो, मग आख्यान. संवाद पाठ केलेले नसतात, नट तिथल्या तिथे बोलतात, स्त्रीभूमिका पुरुषच करतात. शिवाजी मंदिरातलं नाटक बघून आलेल्या तुम्हाला चारच दिवसांनी हे बघायला मिळेल, आणि मिस्टरांनाही इथे डुलकी लागणार नाही याची मला खात्री आहे. शाल घेऊन जा, पहाटे गार होतं. फक्त एक, आंगणेवाडीची भराडीदेवीची जत्रा ज्या दिवसांत येते त्या दिवसांत मालवणला खोली मिळत नाही, तारीख देवीचा कौल घेऊन ठरते म्हणून बुकिंगआधी विचारून घ्या.

शुक्रवारी दिवसाच्या गाडीने मुंबई. वंदे भारत रोज नसते आणि ती कुडाळला न थांबता कणकवलीला थांबते, म्हणून वार बघूनच. मला मांडवी आवडते, खिडकीतून दिवसभर बोगदे, नद्या, पूल, आणि गाडीतलं खाणं चांगलं असतं. रात्री सीएसएमटीला उतराल, म्हणून खोली फोर्ट भागात घ्या, दोन रात्रींचेच पैसे जास्त जातात.

शनिवारी सकाळी आधी सीएसएमटीच बाहेरून नीट बघा, काल रात्री सामानाच्या गडबडीत बघितलेलं नसतं. १८८० च्या दशकात पूर्ण झालेली, २००४ पासून जागतिक वारसा. तिथून चालत ओव्हल मैदान. मैदानाच्या बरोबर मध्ये उभं राहायचं. एका बाजूला राजाबाई टॉवर, युनिव्हर्सिटी, हायकोर्ट, सगळं टोकदार गॉथिक, आणि वळून बघितलं की दुसऱ्या बाजूला गोल कोपऱ्यांच्या, पट्ट्यापट्ट्यांच्या आर्ट डेको बिल्डिंगी. या दोन्हींना मिळून २०१८ मध्ये युनेस्कोने वारसा म्हटलं. मध्ये पोरं क्रिकेट खेळत असतात. मग छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, तिथे सगळं बघायचा प्रयत्न करू नका, लघुचित्रं आणि मीरपूरखासच्या मातीच्या मूर्ती एवढंच ठरवून बघा, तीन तास जातात. शेजारीच जहांगीर आर्ट गॅलरी, १९५२ ची, तिथे फुकट जाता येतं. आपल्याकडचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे १९१० साली इंदुरातच जन्मले, देवळालीकर मास्तरांकडे इंदुरातच शिकले, हुसेनही इंदुरातच वाढले, त्यामुळे मुंबईच्या गॅलऱ्यांमध्ये कुठेही या दोन नावांची पाटी दिसली की थांबा. जानेवारीअखेर जात असाल तर काळा घोडा फेस्टिव्हल जुळतोय का बघा, १९९९ पासून होतो, नऊ दिवस, पण गर्दी प्रचंड. एनजीएमए, म्हणजे आधुनिक कलेची राष्ट्रीय गॅलरी, सोमवारी बंद, घारापुरीही सोमवारी बंद, भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद, शनिवार-रविवारी मुंबईत असण्याचा हा पण फायदा.

रविवारी सकाळी पहिल्या बोटीने घारापुरी. मोठ्या त्रिमूर्तीसमोर सगळे फोटो काढतात, तुम्ही आधी शिव-पार्वती विवाहाचं शिल्प शोधा. बरंच तुटलेलं आहे, पण पार्वतीची किंचित झुकलेली मान आणि तिच्या अंगातला संकोच अजून तसाच आहे. दुपारी परत आलात की टॅक्सीने भायखळा. म्युझियम १८७२ पासून आहे, आत मुंबईतल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या लोकांच्या मातीच्या छोट्या प्रतिमा आहेत. पण त्याआधी बाहेर बागेत एक दगडी हत्ती आहे तो बघा. ज्याच्यामुळे घारापुरीला एलिफंटा नाव पडलं तोच हा. इंग्रज त्याला उचलून इंग्लंडला न्यायला निघाले होते, उचलताना क्रेन तुटली आणि त्याचे तुकडे झाले, पुढे ते जोडून इथे उभा केला. जवळ गेलं की जोड दिसतात. सकाळी बेट आणि दुपारी त्या बेटाचा हत्ती, हे एका दिवसात झालं तर ते कायम लक्षात राहतं. भायखळ्याहून मुंबई सेंट्रल जवळच, संध्याकाळची अवंतिका, सोमवारी सकाळी इंदुरात पोहे.

रजा फारच कमी पडली, चारच दिवस मिळाले तर मालवण सोडा. गेटवेहून बोटीने मांडवा, तिथून अलिबाग, ओहोटीला चालत कुलाबा किल्ला, स्कूबा नाही पण समुद्र आहे.

आता करायचं काय तर, रेल्वेचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं आणि कोकणकन्या पहिल्या काही मिनिटांत भरते. कालनिर्णयात अष्टमी बघून आठवडा नक्की करा, प्रत्येक गाडीच्या तारखेवरून ६० दिवस मागे मोजा, त्या त्या सकाळी दोघांनी दोन फोनवर बसा, आधी जायची अवंतिका, मग कोकणकन्या, मग मांडवी, शेवटी परतीची अवंतिका. देवबागच्या घराला तिकीट हातात आल्यावरच पैसे पाठवा. बादली आजपासून सुरू केलीत तरी चालेल.